द्राक्षाला चार दारे, कापसाला एकच



कापूस परवडत नाही, ज्वारी परवडत नाही, असे आपण म्हणालो की खुर्चीवरच्या साहेबाचे उत्तर ठरलेले असते : "पीकपद्धती बदला, प्रक्रियेकडे वळा, जरा नाशिककडे बघा." नाशिककडे बघा म्हणजे द्राक्षाकडे बघा, आणि द्राक्षाकडे बघा म्हणजे आता वाईनकडे बघा. नुसते सांगून थांबत नाहीत, गाडी करून नेऊनही दाखवतात. गेल्या हिवाळ्यात अशाच एका अभ्यास दौऱ्यात यवतमाळ, वर्धा आणि अकोला जिल्ह्यांतल्या सत्तावीस कोरडवाहू शेतकऱ्यांबरोबर मी नाशिकजवळच्या एका वाईनरीत जाऊन आलो. त्यांत सहा जणी होत्या. परतल्यापासून जिथे जावे तिथे एकच प्रश्न : "मग काय सर, आपल्याकडे जमते का?" काही गावांत वाईनच्या द्राक्षाची रोपे कुठे मिळतात याची चौकशी सुरू झाल्याचेही कानावर आले आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो.

शेतीशास्त्राचे उत्तर आधी देऊन टाकतो. नाशिकचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच. तिथे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी होते आणि जानेवारी ते मार्च तोडणी चालते. म्हणजे मणी धरल्यापासून पिकेपर्यंतचा सारा काळ दिवसा ऊन, रात्री गारवा आणि पाऊस जवळजवळ नाही. मात्र याच सहा महिन्यांत वेलाला पाणी मोजून, वेळेवर द्यावेच लागते. नाशिकला त्यासाठी गंगापूर धरण आहे, गोदावरी आहे, विहिरी आहेत, ठिबक आहे. आपल्याकडे ऑक्टोबरात पाऊस गेला की पऱ्हाटीसुद्धा जमिनीतल्या ओलीवर तग धरते, मार्चमध्ये विहिरीत बादली बुडत नाही. वेलाला निचऱ्याची हलकी जमीन मानवते. आपली भारी काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि वेल पाल्यावर जातो. मांडव, तारा, ठिबक, रोपे यांचा एकरी खर्च कर्ज काढल्याशिवाय होत नाही आणि पहिले पीक यायला दोन-तीन वर्षे जातात. ज्याच्याकडे बारमाही पाणी आहे त्याने हौस जरूर करावी. कोरडवाहूवाल्याने त्या रोपांच्या नादी लागू नये.

इथेच लेख संपवता आला असता. पण त्या वाईनरीत आपल्या लोकांनी जे पाहिले त्यात आपल्या कामाचे पुष्कळ आहे. फक्त ते साहेबांनी दाखवले ते नव्हे.

आधी काय पाहिले ते सांगतो. पहाटे थंडीत तोडलेली द्राक्षे क्रेटमधून येतात. काट्यावर वजन होते, आणि लगेच एक पोरगा चार मणी चुरडून रसाचा थेंब एका दुर्बिणीसारख्या नळीवर टाकतो. ते रिफ्रॅक्टोमीटर. त्यात रसातली साखर मोजली जाते, तिला ब्रिक्स म्हणतात. पांढऱ्या वाईनच्या द्राक्षात साधारण वीस-बावीस, लाल वाईनच्या द्राक्षात बावीस-चोवीस ब्रिक्स लागते. बागवाला शेजारीच उभा असतो, नळी डोळ्याला लावून स्वतः आकडा बघतो, आणि त्या आकड्यावर भाव. आपल्यातले एक काका ती नळी हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. त्यांनी रस पाहिलाच नाही. ते म्हणाले, "असं यंत्र कापसाच्या केंद्रावर काहून नाही, जी?"

मग रसाचा कारखाना. पांढरी वाईन करायची तर रस सालीपासून चटकन वेगळा करतात. लाल करायची तर सालीसकट आंबवतात, कारण रंग सगळा सालीत असतो. पोलादी टाक्या, त्यांना बाहेरून गारवा, आत यीस्ट साखर खाऊन तिचा मद्यार्क करते. आपली आई आंबोळीचे पीठ आंबवते त्याचाच हा थोरला भाऊ. पुढे काही लाल वाईन ओकच्या लाकडी पिंपांत महिनोन्‌महिने मुरत ठेवतात. एक पिंप सव्वादोनशे लिटरचे, तेही फ्रान्सहून आणलेले. उरलेला चोथा आणि बिया खताला जातात.

शेवटी चव घेण्याचा कार्यक्रम. लांब टेबल, प्रत्येकापुढे पाच पेले, आणि शहरी पोशाखातली एक हुशार मुलगी. पेला असा तिरपा धरा, रंग बघा. असा फिरवा, नाक आत घाला, वास घ्या. मग थोडी जिभेवर घोळवा. पाहिजे तर या भांड्यात थुंका. वर्ध्याचे एक काका, ज्यांच्या जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, गंभीरपणे म्हणाले, "थुकाचंच हाय तं पाजता कायले?" सगळे टेबल हसले, ती मुलगीही हसली. नंतर तिने 'सोव्हिन्याँ ब्लां' नावाची वाईन ओतली आणि सांगितले की हिच्यात ढोबळ्या मिरचीचा आणि ओल्या गवताचा वास येतो, तो या जातीचा गुण आहे. तेव्हा मागून आवाज आला : "आमच्या कापसाले गवताचा वास आला असता तं ग्रेडरनं गाडी माघारी धाडली असती."

हसण्यावारी नेऊ नका. सगळा अर्थशास्त्राचा धडा या एका वाक्यात आहे. एका मालाचा वास हा गुण ठरतो, त्याला नाव मिळते, त्याची गोष्ट सांगितली जाते, ती ऐकायला लोक मुंबईहून गाडी काढून येतात आणि पैसे मोजतात. दुसऱ्या मालाचा गुण मोजलाच जात नाही. त्याचे फक्त दोष मोजले जातात. आठ टक्क्यांवर ओलावा असला तर कपात, बारा टक्क्यांवर गेला तर माल परत. पण तुमच्या कापसात रुईचा उतारा तेहेतीस आला की छत्तीस, धागा किती मिलिमीटर लांब, किती बळकट, हे तुमच्या हातात कधी कोणी चिठ्ठीवर लिहून दिले आहे? जिनवाल्याला ते ठाऊक असते, सूतगिरणीला तर पक्के ठाऊक असते. ते ठाऊक नसतो तो पिकवणारा.

साहेब लोक म्हणतात, वाईनमध्ये मूल्यवर्धन होते. होते ना. हिशेब करून बघू. पाऊण लिटरच्या बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्ष लागते. किलोला चाळीस रुपये धरू, म्हणजे पन्नास रुपयांचे द्राक्ष. बाटली दुकानात आठशेला धरू. बागवाल्याच्या वाट्याला शेकडा सहा. आता तुमच्या अंगावरचा शर्ट घ्या. अडीचशे ग्रॅमच्या सुती शर्टाला, कताईतली तूट धरून, तीनशे ग्रॅम रुई लागते. चौतीसचा उतारा धरला तर नऊशे ग्रॅमच्या आत-बाहेर कापूस. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये पुरा मिळाला असे समजू (समजायला काय जाते!), म्हणजे सत्तर-बहात्तर रुपयांचा कापूस. शर्ट दुकानात दीड हजाराचा. तुमचा वाटा शेकडा पाचच्या आसपास.

म्हणजे वाट्यात फारसा फरक नाही! बाटलीतले बाकीचे चौऱ्याण्णव टक्के सगळी लूट आहे असे म्हणणेही भाबडेपणाचे होईल. त्यात काच आहे, कर आहे, विजेचे बिल आहे, पिंप आहे, दुकानदार आहे, त्या हुशार मुलीचा पगार आहे. शर्टाचेही तसेच. मग नाशिकचा बागवाला आपल्यापेक्षा ताठ मानेने का उभा असतो? फक्त पाण्यामुळे? पाणी आहेच. पण मी त्या दिवशी दोन बागवाल्यांशी बोललो आणि माझी खात्री झाली की खरे कारण दुसरे आहे.

द्राक्षाला चार दारे आहेत. ताजे द्राक्ष मुंबई-दिल्लीच्या बाजारात जाते, हे एक. पेटीत भरून युरोपला आणि आखातात जाते, हे दुसरे. भाव नाही पटला तर वाळवून बेदाणा करायचा, तासगावच्या बाजारात न्यायचा, हे तिसरे. चौथे दार वाईनचे. एका दारावरच्या माणसाने हात आखडला की बागवाला दुसऱ्या दाराकडे तोंड करतो. दारावरच्या माणसालाही ते ठाऊक असते, म्हणून तो फार आखडत नाही. भाव असा ठरतो. भाव कोणी दयाबुद्धीने देत नसतो.

याचा पुरावा खुद्द वाईननेच दिला आहे. वाईनच्या खास जातींचा मणी लहान, बियांचा, जाड सालीचा. तो खायच्या बाजारात चालत नाही, चांगला बेदाणाही होत नाही. त्याला एकच दार. २००८ मध्ये जगात मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली, आणि पुढच्या दोन-तीन हंगामांत नाशिक भागातल्या अनेक लहान वाईनरींनी द्राक्ष घेणे बंद केले. टाक्या आधीच भरलेल्या होत्या. ज्या बागवाल्यांनी सरकारच्या आणि कारखान्यांच्या सांगण्यावरून वाईनच्या जाती लावल्या होत्या, त्यांचे पैसे अडकले, माल वेलावर राहिला, आणि कित्येकांनी उभ्या बागा उपटून टाकल्या. तेच पाणी, तेच धरण, तीच जमीन, तोच हुशार शेतकरी. पण दार एक, आणि ते बंद. त्या दोन वर्षांत नाशिकच्या शेतकऱ्याने यवतमाळच्या शेतकऱ्याचे आयुष्य जगून पाहिले. हा इतिहास अभ्यास दौऱ्यात कोणी सांगत नाही. चव घेण्याच्या टेबलावर तर नाहीच.

आता हे चौथे दार उघडले कसे? यात माणसांचे कर्तृत्व आहे ते मोकळेपणाने मानू. नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने १९८० च्या दशकात फेसाळ वाईन काढून 'ओमर खय्याम' नावाने परदेशात विकली. पुढे ती कंपनी कर्जात बुडाली, पण वाट तिने पाडली. राजीव सामंत अमेरिकेतली ओरॅकल कंपनीची नोकरी सोडून नाशिकला घरच्या जमिनीवर आले. आंबा आणि खायची द्राक्षे करून पाहिल्यावर त्यांनी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात वाईनच्या परदेशी जाती लावल्या. २००० साली 'सुला'ची पहिली बाटली निघाली, २००५ मध्ये चव घ्यायला लोकांसाठी खोली उघडली, डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले. मत्सर करण्यासारखे यात काही नाही. शेतीतून कोणी उभा राहिला तर आपल्याला आनंदच आहे.

पण कर्तृत्व एकट्याने पुरत नाही, त्याला वाट मोकळी लागते. ती वाट सरकारने मोकळी केली. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. राज्यातल्या द्राक्षापासून केलेल्या वाईनला उत्पादन शुल्क माफ केले, परवाने सोपे केले, विंचूरला आणि पलूसला औद्योगिक महामंडळाचे वाईन पार्क काढले. पुढे विक्रीवरच्या वीस टक्के व्हॅटपैकी सोळा टक्के उद्योगाला परत देण्याची योजना आली. ती मध्यंतरी थांबली होती, २०२४ मध्ये तिला पुन्हा पाच वर्षे मिळाली.

आता २००१ हे साल मनात धरा आणि डोके शांत ठेवून पुढचे वाचा. त्याच साली, त्याच राज्यात, त्याच मंत्रालयात कापूस एकाधिकार खरेदी योजना चालू होती. १९७१ चा कायदा, १९७२ पासूनची अंमलबजावणी. महाराष्ट्रात कापूस पिकवणाऱ्याने तो फक्त सरकारी यंत्रणेलाच द्यायचा. स्वतःच्या कापसाची रुई करून ती मुंबईच्या व्यापाऱ्याला विकायची सोय नाही. मध्य प्रदेशात, आंध्रात, गुजरातेत भाव जास्त असला तरी गाडी सीमेपलीकडे नेली तर गुन्हा. केंद्रावर आठ-आठ दिवस रांग, चुकारे मिळायला महिने. ज्यांच्या बापाने रात्री-बेरात्री पैनगंगा ओलांडून कापूस पलीकडे नेला आणि चौकीवर मार खाल्ला, असे लोक आजच्या बैठकीतही बसलेले असतील. २००२ साली ही कोंडी सुटली. ती योजना कारभाराच्या ओझ्याने आणि तोट्याने मोडली, कोणाला कळवळा आला म्हणून नव्हे.

एकाच सरकारने, एकाच साली, द्राक्षवाल्याला सांगितले की तुझ्या मालाची दारू कर, बाटलीत भर, नाव दे, तुला कर माफ. आणि कापूसवाल्याला सांगितले की तुझ्या मालाची रुईसुद्धा करू नकोस. पीकपद्धती बदला म्हणणाऱ्या साहेबाने आधी या दोन ओळींचे उत्तर द्यावे.

बियाण्याचे तेच. वाईनवाल्याने फ्रान्स-कॅलिफोर्नियाच्या जाती आणल्या, उत्तम केले. आपल्याकडे बीटी कापूस २००१ मध्ये गुजरातच्या शेतात उभा सापडला तेव्हा सरकारने तो उपटून जाळायचे फर्मान काढले, आणि २००२ मध्ये त्याच तंत्राला परवानगी दिली. तणनाशक सहन करणाऱ्या वाणाची तर अजून फाइलच फिरते आहे. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी ते बियाणे उघडपणे लावले तेव्हा त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. मी शेतीची पदवी घेतलेला माणूस आहे. वाणाची कसून तपासणी व्हावी याला माझा विरोध नाही. पण तपासणीला काळवेळ असावी, आणि दोषी फाइल अडवणारा धरावा की निंदणाला मजूर न मिळालेला शेतकरी, एवढे तरी ठरवा.

सीमेवरची तऱ्हा तर ऐकण्यासारखी आहे. परदेशी वाईन आत यायची तर वर्षानुवर्षे दीडशे टक्के आयात शुल्क होते. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला, तेव्हा त्यात हे शुल्क उतरवायचे ठरले. कसे? फक्त पाच डॉलरवरच्या बाटल्यांवर, आणि तेही टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांत. म्हणजे नाशिकच्या कारखान्याला तयारी करायला दहा वर्षे. आता कापूस. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेरच्या कापसावर एकूण ११ टक्के शुल्क बसले होते. १८ ऑगस्ट २०२५ ला अधिसूचना निघाली, आणि १९ ऑगस्टपासून शुल्क शून्य. दहा वर्षे सोडा, दहा दिवससुद्धा नाहीत. आधी मुदत सप्टेंबरअखेरची होती, ती वाढवून ३१ डिसेंबर २०२५ केली. शेतात पाते लागले होते तेव्हा दार उघडले आणि वेचणीचा मुख्य हंगाम उलटल्यावर लावले. याच्या उलट, भाव चढला की काय होते तेही आठवा. ५ मार्च २०१२ ला कापसाची निर्यात एका आदेशाने बंद झाली होती. वाईनची निर्यात बंद केली असे तुम्ही कधी ऐकले आहे का?

मी आयातीला घाबरणाऱ्यांपैकी नाही आणि दीडशे टक्क्यांची भिंत कापसाला बांधून द्या अशी आपली मागणीही नाही. भिंत बांधली की आतला माणूस आळशी होतो, आणि तिची किंमत गरीब गिऱ्हाईक भरतो. पण बाटलीला दहा वर्षांची नोटीस आणि गाठीला एका रात्रीची, हा न्याय कुठला?

ज्वारीचे दुखणे याहून जुने. खरिपाची संकरित ज्वारी पावसात सापडली की काळी पडते. खाणारा घेत नाही आणि हमीभाव (२०२५-२६ चा, संकरित ज्वारीला, ३६९९ रुपये) फलकावर राहतो. ही काळी ज्वारी आंबवली तर तिच्यातून द्राक्षासारखाच मद्यार्क निघतो, कारण यीस्टला जात कळत नाही. चीनमध्ये ग्वीचौ प्रांतात माओताई नावाचे मद्य ज्वारीचेच असते, आणि ते काढणारी कंपनी २०१७ मध्ये बाजारमूल्यात विलायतेतल्या मोठमोठ्या व्हिस्कीवाल्यांच्या पुढे गेली. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्लीच्या माल्टची आयात थांबवली तेव्हा तिथल्या कारखान्यांनी ज्वारी आणि मक्यावर बिअर काढली. हे जगात होते. आणि आपल्याकडे? तुमच्या घरात ज्वारी भिजवून आंबवली तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पोलीस दारात. २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क करणाऱ्यांना अनुदान देण्याचे धोरण राज्याने काढले. काळ्या ज्वारीला भाव मिळेल, शेतकऱ्याचे कल्याण होईल, अशी त्याची जाहिरात होती. परवाने कोणाच्या घरात गेले त्याच्या याद्या तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आल्या. आडनावे ओळखीची होती, फक्त ती सात-बाऱ्यावर ज्वारी लावणाऱ्यांची नव्हती. अनुदान कारखान्याच्या दारात, शेतकऱ्याच्या दारात काळी ज्वारी. गदारोळ झाला, धोरण गुंडाळले गेले, आणि बदनाम झाली ती ज्वारी.

इथे मायबहिणींचा प्रश्न येतो आणि तो टाळून मला पुढे जायचे नाही. चव घेण्याच्या टेबलावर आपल्यातल्या एका ताईने, पेल्याला हात न लावता, मला विचारले, "इथं बाया पिऊन हासून राह्यल्या, अन् आमच्या गावात प्यालेला घरी आला का लेकरं दडतात. दारू तं तेच हाय ना, सर?" होय, ताई, तेच आहे. वाईनमध्ये शेकडा बारा-तेरा मद्यार्क असतो आणि तो कोणत्याही बाटलीतल्या मद्यार्कासारखाच असतो. 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असे जे सांगतात त्यांना एकतर रसायनशास्त्र येत नाही किंवा तुम्हाला येत नाही असे ते समजतात.

२७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत, सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचे ठरवले. कारण काय दिले? शेतकऱ्याचे हित! विरोधकांनी आरडाओरड केली, तीही शेतकऱ्याच्या नावाने. निर्णय अंमलात आलाच नाही. दोन्हीकडच्यांनी शेतकऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली आणि त्याला विचारले कोणीच नाही. माझे मत विचाराल तर दुकानात काय विकावे हे मंत्रालयाने ठरवूच नये, आणि कायद्यातही एक चांगली सोय आहे. गावातल्या निम्म्याहून अधिक बायांनी मतदानात बाटली आडवी केली की दुकान बंद. ज्या गावाला नको त्याने आडवी करावी, आणि त्या ठरावाला पोलिसांनी पाय फोडू नयेत. पण गावातले दुकान आडवे करण्याचा बायांचा हक्क आणि आपल्या पिकाचे काय करायचे ते ठरवण्याचा शेतकऱ्याचा हक्क, हे एकमेकांच्या विरुद्ध आहेत असे जे सांगतात, त्यांचा डाव घराघरांत भांडण लावण्याचा आहे. ज्वारीचा माल्ट लहान मुलांच्या खाण्यात जातो, पोहे होतात, लाह्या होतात, रवा होतो. दार बाटलीचेच पाहिजे असा कोणाचा हट्ट नाही. दारे पाहिजेत.

म्हणून 'आपल्याकडे जमते का' या प्रश्नाला माझे उत्तर असे : वाईन जमत नाही, पण वाईनरीच्या फाटकावर जे चालते ते आपल्याकडे जमते, आणि ते मागायला धरण लागत नाही. शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत माप. कापसाच्या केंद्रावर आणि प्रत्येक जिनच्या काट्याजवळ रुईचा उतारा आणि धाग्याची लांबी मोजून चिठ्ठी हातात देणे आज सहज शक्य आहे. उतारा काढायची छोटी यंत्रे संशोधन केंद्रांत आहेत, धागा मोजायची यंत्रे मोठ्या गिरण्यांत आणि प्रयोगशाळांत रोज चालतात. 'कपास किसान' ॲपवर नोंदणी कर, वेळ घे, आधार जोड, सात-बारा जोड, एवढे सगळे २०२५ च्या हंगामात शेतकऱ्याला करायला लावता आले. त्याच मोबाइलवर त्याच्या कापसाचा उतारा पाठवायला मात्र तंत्रज्ञान कमी पडते! दुसरे, कापसाच्या आयात-निर्यातीचा कोणताही बदल पेरणीच्या आधी जाहीर झाला पाहिजे आणि तो त्या हंगामात बदलता कामा नये. दहा वर्षे आम्ही मागत नाही. पेरणी ते विक्री एवढा एक हंगाम मागतो.

आणि आपल्याकडून करायचे ते. राळेगाव, आर्णी, अकोट या भागांत काही गटांनी भाड्याने जिन घेऊन स्वतःची रुई आणि सरकी वेगळी विकायचे मनावर घेतले आहे. त्यांचा खर्च, घट, सरकीचा भाव, व्याज यांचा हिशेब हंगाम आटोपल्यावर आपण बैठकीत मांडून घेऊ, तोटा झाला असेल तर तोही. भावनेच्या भरात जिन विकत घेऊन बसू नका. आधी एक हंगाम भाड्याने चालवा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने २०२५-२६ च्या हंगामाच्या काटापट्ट्या बरोबर आणाव्यात. व्यापाऱ्याच्या, जिनच्या आणि खरेदी केंद्राच्या, सगळ्या. तारीख, वजन, ओलाव्याचा आकडा, कपात आणि हातात पडलेला भाव एवढे दिसले पाहिजे. कच्ची चिठ्ठी असेल तर कच्ची आणा. ज्यांचा माल ओलाव्याच्या कारणाने परत धाडला त्यांनी कागदावर केंद्र आणि तारीख लिहून आणावी, व्यापाऱ्याचे नाव नको. तालुकावार गठ्ठे करायला सकाळी नऊपासून कार्यकर्ते टेबलावर बसतील. दुपारपर्यंत तक्ता तयार झाला तर तोच घेऊन त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचे आहे.